साडूचा जुना फोन

३ मार्च, रविवार. संध्याकाळी

मेहुणीकडे दुपारचं जेवण. साडूने नवा फोन घेतला आहे. दोन वर्षांत तिसरा. जुना कुठे गेला, मी सहज विचारलं. म्हणाला, असेल कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये.

जबाबदार माणसाने अशा वेळी गप्प बसणं शक्य नसतं. जुन्या फोनचं काय करायचं ते मी सगळ्यांना नीट समजावलं. आधी आपलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मग फोनमधल्या प्रत्येक खात्यातून बाहेर पडायचं. मग फोन आतून पूर्ण पुसायचा, सिम आणि कार्ड काढायचं, आणि कचऱ्यात न टाकता परवाना असलेल्या रीसायकलवाल्याकडे द्यायचा, कारण कचऱ्याच्या गाडीत बॅटरी चिरडली की पेट घेते. मी पेट घेण्यापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात साडू म्हणाला, भाऊजी, जेवण गार झालंय, एक बॅटरी लावता का खाली.

सगळे हसले. सासूबाई हसल्या. माझी स्वतःची मुलगी हसली. बायको हसायची सगळ्यांत शेवटी थांबली.

मी शांतपणे पाणी प्यायलो आणि त्याच घोटाबरोबर ठरवलं. या माणसाचं उट्टं काढायचं.

४ मार्च

दिवसभर ऑफिसच्या भांडारात बसून सूडाचा विचार केला. (काम कमी होतं. स्टेपलर मोजून झाले.) सूड थंड डोक्याने घ्यावा लागतो. माझं डोकं मुळातच थंड आहे, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे.

सुरुवात म्हणून माझ्या फोनमधलं त्याचं नाव काढून तिथे नुसतं 'तो' असं लिहिलं.

५ मार्च

सकाळी 'तो' असा फोन आला. कोण ते पटकन लक्षात आलं नाही, त्यामुळे अगदी प्रेमाने बोललो. पाच-सहा मिनिटं. नंतर कळल्यावर अंगाचा तिळपापड झाला. नाव पूर्ववत केलं.

८ मार्च

योजना तयार. आमच्या बिल्डिंगमध्ये जुने फोन गोळा करण्याची मोहीम सुरू करायची. पेटी माझी, देखरेख माझी. नातेवाइकांनाही मुभा. साडूचा फोन आपणहून माझ्या हातात येईल. प्रत्येक माणसाच्या जुन्या फोनमध्ये त्याला खाली मान घालायला लावेल असं काहीतरी असतंच. ते मी शोधीन. लोकहिताचं काम आणि सूड एकाच पेटीत.

जिन्याखाली पेटी ठेवली. वर कागद चिकटवला: 'तुमचा जुना फोन सुरक्षित हातांत द्या.' मुलगी म्हणाली, बाबा, खाली तुमचा फोटो कशाला लावलाय. तिला म्हटलं, हात कोणाचे ते लोकांना कळायला हवं.

१२ मार्च

पेटी उघडली. टीव्हीचे दोन रिमोट, एक मोडकी टॉर्च, चिप्सचं रिकामं पाकीट, एक खेळण्यातला फोन (दाबला की कोंबडा आरवतो) आणि फक्त तीन खरे फोन.

लोकांना सुरक्षिततेचं गांभीर्य नाही. माझ्या फोटोला कोणीतरी पेनाने मिशा काढल्या आहेत. मला मिशा आहेतच. त्यावर आणखी काढल्या आहेत.

१५ मार्च

आला.

बायको बहिणीकडून येताना घेऊन आली. पर्स ठेवता ठेवता म्हणाली, हा घ्या, तुमच्या साडूचा. म्हणतात, सगळं भाऊजींनाच पुसू दे, त्यांना आवडतं ते. लॉक काढून ठेवलंय.

आवडतं. म्हणजे मी त्याचा धोबी. लिहून ठेवतो.

फोन मात्र लगेच चार्जिंगला लावला. चार्जर नीट बसत नव्हता, एका कोनात धरावा लागतो. वायरीखाली बायकोची पुस्तकं ठेवून कोन साधला.

१६ मार्च. सकाळी

आज पुसून टाकणारच होतो. पण पुसायचं ते आधी पाहावं लागतं. न पाहता पुसणं हा बेजबाबदारपणा झाला. नीट तपासणीसाठी फोन घरच्या वाय-फायला जोडला.

मुलगी खोलीत आली होती. म्हणाली, बाबा, काकांच्या खात्यातून बाहेर न पडता नेटला नका जोडू, सगळं तिकडे दिसतं. तिला तिच्या अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मला हे शिकवणार.

दुपारी

चमत्कार. फोनमध्ये काल नव्हते ते फोटो आज दिसू लागले आहेत. आधी एका बुटाच्या पावतीचा. मग साडूची सुजलेली दाढ, आतून. मग मेहुणीचा पाय, बहुधा चुकून काढलेला. खोल दडलेली माहिती आपोआप वर येते आहे. माझ्या हाताला यश आहे, दुसरं काय. फोन स्वतःहून कबुली देतो आहे.

दाढेचा उपयोग होण्यासारखा नाही. तरी लक्षात ठेवली.

१८ मार्च

काल दिवसभर तो कधीतरी झोपेत, कधीतरी चोरून काही खाताना सापडेल म्हणून वाट पाहिली. सापडलं ते भलतंच.

संध्याकाळी एक नवा फोटो आला. त्याच्या स्क्रीनचा काढलेला. एका ग्रुपचा. ग्रुपचं नाव 'तळं'. तळ्याकाठच्या त्या बंगल्याचा पत्ता, तारीख ३० आणि ३१, कोण कोणत्या खोलीत. ग्रुपमध्ये सासूबाई, मेहुणी, साडू, माझी बायको, माझी मुलगी.

सासूबाईंनी लिहिलं आहे, जावईबापूंना कोण सांगणार. मेहुणीने लिहिलं आहे, ताई, तूच बघ. खाली माझ्या बायकोने लिहिलं आहे, इतक्यात नका सांगू, ते मदत करायला येतील.

त्यावर माझ्या मुलीने हात जोडल्याचं चित्र टाकलं आहे.

फोन पालथा ठेवला. मग सुलटा करून परत वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

१९ मार्च

मुळात मला तळ्यावर जायचंच नाही. तिथे काय आहे. पाणी आहे.

मागच्या वर्षी गेलो होतो तेव्हा सगळ्यांचे फोन पाण्यात पडू नयेत म्हणून मी एका पिशवीत गोळा करून ठेवले होते. पिशवी नावेत राहिली, ही नाववाल्याची चूक. दुसऱ्या दिवशी मिळाली की नाही? मिळाली. तेवढा एक दिवस सगळे एकमेकांशी किती बोलले होते. त्याचं श्रेय कोणी दिलं नाही.

आता साडूबरोबर बाकीच्यांचाही हिशेब घ्यावा लागणार. बायकोशी आजपासून कामापुरतंच बोलायचं.

१९ मार्च. थोड्या वेळाने

बायकोशी चष्मा, गॅस सिलिंडर, तिची पाठ आणि शेजाऱ्यांचा कुत्रा एवढ्याच विषयांवर बोललो.

२१ मार्च

रविवारी मेहुणीकडे पुन्हा जेवण आहे. तिथे सगळ्यांसमोर पुरावा ठेवायचा आणि चारी मुंड्या चीत करायचं. भाषण तयार केलं. सराव न्हाणीघरात, कारण तिथे आवाज घुमतो आणि कडी लागते. साडूच्याच फोनवर व्हिडिओ काढून पाहतो आहे. त्याच्याच फोनने त्याची खोड मोडायची, यात एक सौंदर्य आहे.

सुरुवात अशी: 'आज मी तुमच्यासमोर एक गोष्ट ठेवणार आहे, जी पाहून तुम्हाला माना खाली घालाव्या लागतील.' चांगली जमते. फक्त खांद्यावर टॉवेल असल्यामुळे वजन कमी पडतं. उद्या शर्ट घालून सराव.

चेहऱ्याचेही काही फोटो काढले. थंड चेहरा, दुखावलेला पण मोठ्या मनाचा चेहरा, नुसताच मोठ्या मनाचा. दुसरा सगळ्यांत चांगला. पहिल्यात पोटात दुखल्यासारखं दिसतं.

२२ मार्च

शर्ट घालून सराव. शेवटचं वाक्य असं ठेवलं आहे: 'आणि तुम्ही मला बोलावलं असतं, तरी मी आलो नसतो.' इथे थांबायचं आणि एकेकाकडे पाहायचं. हे वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. घशात काहीतरी अडकतं. न्हाणीघरात दमट हवा आहे.

बायकोने दार वाजवून विचारलं, बरं वाटतंय ना. कामापुरतं उत्तर दिलं. बरं वाटतंय.

२३ मार्च

मेहुणीचा फोन आला. विनाकारण. हसू दाबल्यासारखी बोलत होती. म्हणाली, भाऊजी, उद्या नक्की या, आई तर आठवडाभर इथेच मुक्काम ठोकून आहे, तुमची वाट बघतेय.

सासूबाई माझी वाट बघताहेत, हे लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. उद्या त्यांचीही गय करायची नाही.

२४ मार्च, रविवार. संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

दार साडूने उघडलं. मी थंड चेहरा केला. त्याने तो बघितला आणि म्हणाला, हा पहिला ना, पोटात दुखल्याचा.

मला अर्थबोध झाला नाही. आत गेलो. त्यांच्याकडे टीव्हीवर कोणी काही पाहत नसलं की घरच्यांचे ताजे फोटो आपोआप एकामागून एक फिरत राहतात. टीव्हीवर मी होतो. भिंतीएवढा. टॉवेलसकट. मग शर्टात. मग मोठ्या मनाचा. मग नाकपुड्या, कारण तेव्हा फोन नळावर ठेवला होता. मग मेहुणीचा पाय. मग परत मी.

सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, जावईबापू, शर्टातलं भाषण चांगलं आहे, पण टॉवेलातल्यात जीव होता हो.

मुलगी म्हणाली, बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं आहे. सांगितलं होतं. त्याच्या खात्यातून मी बाहेर पडलोच नव्हतो. त्याचं इकडे दिसत होतं तसंच माझं तिकडे दिसत होतं, पहिल्या टॉवेलापासून.

भाषण केलं नाही. सगळ्यांना पाठ होतं.

जेवण झाल्यावर साडू मला गॅलरीत घेऊन गेला. चहाचा कप हातात देऊन कुंड्यांतली सुकी पानं काढू लागला. मग म्हणाला, भाऊजी, ते बोलावलं असतं तरी आलो नसतो, हे तुम्ही नऊ की दहा वेळा घेतलंत. आम्ही पहिल्यांदा हसलो. नंतर आईंनी आवाज बंद करायला लावला. म्हणाल्या, त्याचा घसा दाटतोय, मला ऐकवत नाही.

मी सांगितलं, दमट हवा होती.

तो म्हणाला, असेल. मग म्हणाला, चला की तळ्यावर. आमचं चुकलं. तुमच्याशिवाय मजा नाही असं काही म्हणत नाही, मजा येते, पण तरी चला.

झालं. तो शरण आला होता. उट्टं निघालं होतं. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण ज्याचा इतका पाणउतारा झाला आहे तो माणूस पहिल्या हाकेला हो म्हणत नाही. मी म्हटलं, त्या रविवारी मला जमायचं नाही, जुने फोन न्यायला रीसायकलवाल्यांची गाडी येणार आहे.

अशी कोणतीही गाडी ठरलेली नव्हती. पण तो आता मागे लागेल, मग बायको मागे लागेल, मग सासूबाई, आणि मग मी गाडी पुढे ढकलीन, असं मनात होतं.

तो म्हणाला, अरेरे. बरं, बघा.

२५ मार्च

गाडी आता आणायला हवी. रीसायकलवाल्यांना फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, रविवारी आमचं बंद असतं. मी मोहिमेचं महत्त्व सांगितलं. किती फोन आहेत, तिने विचारलं. तीन आणि एक, म्हटलं. ती म्हणाली, सर, तुम्ही स्वतः आणून दिलेत तरी चालतील. शेवटी म्हणाली, बघते.

म्हणजे गाडी येणार.

२७ मार्च

मला 'तळं' ग्रुपमध्ये घेण्यात आलं. मी सामानाची यादी, औषधांची पेटी आणि फोनच्या सुरक्षिततेविषयी चार ओळी टाकल्या. साडूने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. कोणी मागे लागलेलं नाही. उद्या लागतील.

२८ मार्च

बायकोने विचारलं, येताय ना. म्हटलं, गाडी आहे. ती म्हणाली, बरं. एकदाच विचारलं. ती आणखी एकदा विचारेल याची मी तयारी ठेवली होती.

२९ मार्च

बायको बॅग भरत होती. त्यात माझा एक शर्ट आणि पँट घडी करून ठेवलेली दिसली. तिला कळावं म्हणून ती तिच्यादेखत काढून कपाटात ठेवली. तिने बॅगेची चेन लावली. परत ठेवलीही नाही.

मी झोपेपर्यंत अधूनमधून बॅगेत पाहत होतो.

३० मार्च, शनिवार

सगळे गेले. गाडीत मागच्या सीटवर मधली जागा रिकामी होती. मी सगळ्यांना पट्टे लावायला सांगितलं. साडूने काच खाली करून विचारलं, भाऊजी, शेवटचं विचारतो. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, मोहिमेचा प्रश्न आहे.

घरात शांतता आहे. शांततेत बरीच कामं होतील.

३० मार्च. संध्याकाळी

कामं झाली नाहीत.

३१ मार्च, रविवार. सकाळी

पेटी वर आणली. तिन्ही फोन पुसले, सिम काढली, बॅटऱ्या फुगल्या नाहीत ना ते पाहिलं. एकेक फोन वेगळ्या कागदात गुंडाळला. राहिला साडूचा. तो अजून तसाच आहे. त्याच्या खात्यासकट. गाडी आली की पुसायचा.

सकाळी दहा

साडूच्या फोनमध्ये फोटो येऊ लागले आहेत. तळं. सासूबाई पायरीवर बसून पाण्यात पाय सोडलेल्या. मुलगी, केस ओले. बायको, पाठमोरी, कशाला तरी हसते आहे. हसताना ती एक हात कमरेवर ठेवते, हे मी विसरलो होतो.

माझ्या हे लक्षात आलं आहे, की साडूला माहीत आहे, त्याचे फोटो मला इथे दिसतात.

अकरा

आता सरळसरळ मलाच पाठवतो आहे. एक फोटो नुसत्या रिकाम्या खुर्चीचा. पुढचा एका कागदाचा, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: भाऊजी, गाडी आली का?

मी न्हाणीघरात जाऊन त्याच फोनने माझा एक फोटो काढला. चेहरा कोणता करावा कळेना. केला नाही. तसाच काढला. गेला असावा.

पुढच्या फोटोत सगळे टॉवेल खांद्यावर घेऊन ओळीत उभे. सासूबाईसुद्धा. चेहरे माझ्यासारखे, मोठ्या मनाचे.

मी एकटाच मोठ्याने हसलो. आणि पाहिलं, तिकडे जायची बस बारा वाजता आहे. संध्याकाळपर्यंत पोचता येतं. परत सगळ्यांबरोबर. परवा बॅगेतून काढलेला शर्ट इस्त्रीचा आहे.

पावणेबारा

बूट घालत असताना खाली गाडी थांबल्याचा आवाज. मोठी गाडी. मागचा फाळका पाडल्याचाही आवाज आला. आलेच.

आता गोंधळून चालणार नव्हतं. साडूचा फोन तसाच देणं म्हणजे त्याची सगळी माहिती परक्याच्या हातात देणं. मी घाईघाईने सगळं नियमाप्रमाणे केलं. कार्ड काढलं. पुसण्याचं बटण दाबलं. फोनने विचारलं, खात्यासकट सगळं कायमचं जाईल, नक्की का. नेमका तेव्हाच वरून एक नवा फोटो येतो आहे असं दिसलं, अर्धा उतरलेला, नुसतं निळं. पण खाली माणसं ओरडत होती. दाबलं, नक्की.

पेटी घेऊन धावत खाली गेलो. दोन माणसं दुसऱ्या मजल्यावरच्यांची नवी गादी उतरवत होती. म्हणाले, साहेब, जरा दार धरता का.

धरलं. गादी मोठी होती, वळणावर अडकली. सुटेपर्यंत बस गेली.

संध्याकाळी पाच

रीसायकलवाल्यांचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. फोन आतून कोरा आहे. पहिल्या पानावर निरनिराळ्या भाषांत नमस्कार येत राहतात.

सात

बायकोचा फोन आला. मागे भांड्यांचे, बोलण्याचे आवाज. विचारलं, गाडी आली का.

आली, म्हटलं.

नेले का सगळे फोन.

नेले.

मग मागून साडू काहीतरी बोलला. ती हसली. म्हणाली, तुमचे साडू विचारताहेत, शेवटचा फोटो पाहिलात का. आईने काढायला लावला, खास तुमच्यासाठी.

पाहिला, म्हटलं. फार छान आला आहे.